सोनाराची धूळ कोरडीच ठेवा

पायाचं खोदकाम चालू असलेल्या एखाद्या प्लॉटवरून बाटलीत माती भरून घेऊन कुणीतरी माझ्याकडे येतं. बदलापूरच्या मांजर्लीत आता अशी खोदकामं गल्लोगल्ली आहेत. बाटली उन्हात धरली की आत चमचमतं. माणूस माझ्या तोंडाकडे बघत उभा असतो, आणि मला दरवेळी तेच सांगावं लागतं: हे सोनं नाही.

का नाही, ते समजून घ्यायला हवं. बदलापूर, अंबरनाथ, उल्हासनगर हा सगळा पट्टा दख्खनच्या काळ्या पाषाणावर, म्हणजे बेसॉल्टवर बसलेला आहे. साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ज्वालामुखीचा रस थरावर थर साचून हा दगड झाला. काढण्याजोगं सोनं त्यात नसतं. सोन्याचे अंश सापडतात ते त्याहून कितीतरी जुन्या खडकांत. कर्नाटकातली हट्टीची खाण तशा खडकात आहे, आणि आपल्याकडे नागपूर-भंडाऱ्याच्या बाजूला तसे खडक आहेत. वैनगंगेच्या खोऱ्यात ओढ्यांची वाळू धुऊन सोन्याचे कण काढणारे सोनझारी लोक पिढ्यान् पिढ्या राहिले, ते त्या खडकांमुळेच. आपल्या उल्हास नदीच्या खोऱ्यात हे काम करणारी जमात घडली नाही, कारण नदीने वाहून आणावं असं वरच्या डोंगरात काही नव्हतंच.

मग बाटलीत चमकतं ते काय? बहुतेक वेळा बांधकामासाठी बाहेरून आलेल्या वाळूतलं अभ्रक. कधी काळ्या दगडाच्या पोकळीत वाढलेले गारेचे किंवा झिओलाइटचे स्फटिक. क्वचित माक्षिक, म्हणजे लोखंड आणि गंधक यांचं पिवळं खनिज. ओळखायला एक सुई पुरते. कणावर सुई दाबा. अभ्रक असेल तर पापुद्रे सुटतात, माक्षिक असेल तर भुगा होतो, सोनं असेल तर खळगा पडतो आणि कण तुटत नाही. दुसरी खूण म्हणजे कण सावलीत न्या. अभ्रक कूस बदललं की विझतं. सोनं सावलीतही पिवळंच दिसतं.

एवढं सांगूनही कुणी जमिनीतून सोनं काढून देणाऱ्याच्या नादी लागत असेल, तर दोन कायदे ध्यानात असू द्या. १९५७ च्या खाणी आणि खनिजे अधिनियमाप्रमाणे सरकारी परवान्याशिवाय सोन्याचं खाणकाम करता येत नाही, मग जमीन स्वतःच्या मालकीची का असेना. आणि पुरलेला ऐवज सापडला, त्याची किंमत दहा रुपयांहून जास्त असली, तर १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. गुप्तधन दाखवतो म्हणून आधी पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवा.

पण मांजर्लीत एक कोरडी जमीन अशी आहे जिच्यात सोनं असतंच. ती म्हणजे सोनाराच्या खोलीची फरशी. हा लेख तिच्यासाठी आहे. आपल्या भागातून कितीतरी कारागीर वर्षानुवर्षं पहाटेची लोकल धरून मशीद बंदरला उतरत आणि झवेरी बाजारात बसत आले. आता त्यांतले काही घरीच मजुरीवर काम घेतात. दहा बाय बाराची खोली, एक फळी, एक शेगडी, पॉलिशची मोटर. अशा घरांना मला सांगायचं आहे की तुमच्या खोलीतलं सोनं कोरडं असतानाच पकडा. ते एकदा पाण्यात गेलं की तुमचं राहत नाही, आणि ते काढायला कुणीतरी गटारात उतरतं.

माझं लहानपण कोल्हापूरच्या गुजरीत गेलं. दुकानं उघडण्याआधी झारेकरी यायचे. हातात कुंचा, घमेलं, पत्र्याचा तुकडा. पेढ्यांसमोरचा रस्ता, पायऱ्यांच्या खाचा आणि गटाराचा काठ ते झाडून घ्यायचे आणि तो कचरा नेऊन धुवायचे. लोकांच्या पायाला, कपड्यांना, हात धुतलेल्या पाण्याला लागून जे सोनं बाहेर पडायचं, ते या माणसांच्या डोळ्यांना दिसायचं. त्यांच्याइतकी धुळीची पारख मी नंतर कुणात पाहिली नाही. धूळ चिमटीत चोळून ती कुठल्या कामाची आहे हे ते सांगायचे. हे ज्ञान मोठं होतं. पण ते वापरायला त्यांना दुसऱ्याच्या घाणीत कोपरापर्यंत हात घालावे लागत. पुढे बारीक कण गोळा करायला पाऱ्याचा वापर होई, मग पारा उडवायला तो तापवला जाई, आणि वर तेजाब. बंद गटारात उतरलेली माणसं गुदमरून मेल्याच्या बातम्या आपण आजही वाचतो.

आपल्या गावात याला आणखी एक बाजू आहे. बदलापूरच्या बंधाऱ्यावरून उल्हासचं पाणी उचललं जातं आणि तेच आपल्या आणि अंबरनाथच्या नळांना येतं. वालधुनी नदीचं काय झालं ते डोळ्यांसमोर आहे. अंबरनाथचं १०६० सालचं शिवमंदिर ज्या नदीच्या काठी उभं आहे, तिच्याजवळ आज नाक धरून उभं राहावं लागतं. ती नदी सोनारांनी बिघडवली नाही, रासायनिक सांडपाण्याने बिघडवली. पण घरच्या मोरीत ओतलेलं तेजाबाचं किंवा पाऱ्याचं पाणी त्याच वाटेने जातं. म्हणून माझा आग्रह आहे की धूळ धुऊ नका. कोरडी गोळा करा, कोरडीच वेगळी करा, आणि शेवटचं काम ज्याच्याकडे धूर आणि तेजाब हाताळायची सोय आहे त्याच्याकडे द्या.

पाण्याशिवाय सोनं वेगळं होतं का, असं पुष्कळ जण विचारतात. होतं, आणि मोठ्या प्रमाणावर झालेलं आहे. १८९३ च्या जूनमध्ये पश्चिम ऑस्ट्रेलियात कालगुर्लीला पॅट्रिक हॅनन आणि त्याच्या दोन साथीदारांना सोनं सापडलं. तिथे हजारोंनी माणसं लोटली, पण प्यायलाच पाणी नव्हतं तर माती धुवायला कुठून येणार? पाचशे किलोमीटरांहून लांबचं पाणी नळाने तिथे पोचायला १९०३ उजाडलं. मधल्या काळात लोकांनी वाऱ्याने माती धुतली. एक परात डोक्याच्या उंचीवर धरायची, कोरडी माती तिच्यातून खालच्या परातीत सोडायची, वारा धूळ उडवून नेतो, जड ते खाली पडतं. पुढे भाता आणि हलत्या चाळण्या असलेली लाकडी यंत्रं आली. अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या वाळवंटातही अशीच यंत्रं चालत, कापडाच्या तळातून भात्याची हवा वर येई आणि आडव्या पट्ट्यांमागे सोनं अडकून राही. आपल्या शेतकऱ्याला हे सांगायची गरज नाही. खळ्यावर तिवईवर उभं राहून तो हेच करत आला, त्याला उफणणी म्हणतात. घरात बाई सुपात धान्य पाखडते तेही हेच.

फरक समजला पाहिजे तो एवढाच. सोनं पाण्याच्या १९.३ पट जड, वाळू २.६५ पट. म्हणजे हवेत सोन्याचा कण तेवढ्याच आकाराच्या वाळूच्या कणापेक्षा सातपट जड. पाण्यात दोघांचंही वजन हलकं होतं, पण वाळूचं जास्त हलकं होतं, म्हणून तिथे हा फरक अकरापटींवर जातो. पाणी जास्त चांगलं वेगळं करतं, हे खरं आहे. हवेला ती उणीव भरून काढायला आपल्याकडून मदत लागते, आणि ती मदत म्हणजे चाळणी. बारीक धुळीत सोन्याच्या कणापेक्षा पावणेतीन पट जाड वाळूचा कण हवेतून जवळजवळ त्याच वेगाने खाली येतो. म्हणजे न चाळलेली धूळ उफणली तर जाड वाळू आणि बारीक सोनं एकत्र पडतं आणि तुम्ही म्हणता, ही पद्धत कामाची नाही. चाळणी केली नाही, हे खरं कारण असतं. शिवाय आपलं सोनं शुद्ध नसतं. २२ कॅरेटचं साडेसतरा-अठरा पट भरतं, १८ कॅरेटचं पंधरा-सोळा पट. कानशीचा कीस चपटा आणि वाकडा असतो, तो गोल कणापेक्षा हळू पडतो. हे सगळं धरूनच काम करायचं.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. पहिली आणि सगळ्यात मोलाची गोष्ट धूळ वेगळी करण्याआधीची आहे: ती मिसळू देऊ नका. फळीवर पडणारा कानशीचा आणि करवतीचा कीस हा सगळ्यात श्रीमंत. तो मांडीवरच्या चामड्यात किंवा फळीखालच्या खणात पडला पाहिजे, आणि २२, १८, १४ कॅरेटचा वेगवेगळ्या डब्यांत गेला पाहिजे. काम बदललं की चामडं झटकून घ्या, मगच दुसरा डाग हातात घ्या. फळीवरचा हा कीस उफणायचाही नसतो. त्यात कचरा असतो तो फक्त कानशीचं आणि करवतीच्या पानाचं लोखंड. लोहचुंबक कागदात किंवा पातळ पिशवीत गुंडाळून किसावरून फिरवा, लोखंड चिकटलं की दुसऱ्या कागदावर नेऊन पिशवी काढा, ते आपोआप गळतं. त्या गळलेल्या लोखंडात सोन्याचे कण अडकून आलेले असतात. म्हणून ते पसरून पुन्हा चुंबक फिरवा, तीनदा तरी. मग तो कीस टाकणखार घालून मुशीत वितळवता येतो.

हा किसाचा पहिला डबा. दुसरा डबा फळीभोवतीच्या केराचा. तिसरा फरशीचा. चौथा पॉलिशचा. चौथ्यात मोटरमागच्या खोक्यातला भुगा, घासलेली चाकं, एमरी कागद, पंख्याच्या पात्यावरची धूळ, एसीची जाळी, दारातलं पायपुसणं, जुने ॲप्रन. या चौथ्या डब्याला कधीही हवा लावू नका. पॉलिशच्या भुग्यात मेण, धागे आणि पिठापेक्षा बारीक सोनं असतं. हवेचा एक झोत आणि सगळं उडालं. तो डबा तसाच बंद करून शुद्धीकरणवाल्याकडे द्यायचा. चाळून, फुंकून, निवडून वाचवायला गेलात तर हातचं जाईल.

हात धुणं ही मोठी गळती आहे. कारागीर दिवसातून पाच-सहा वेळा मोरीवर जातो. पाण्याआधी हात कोरड्या टिश्यूने पुसा आणि तो टिश्यू चौथ्या डब्यात टाका. नखांत अडकलेलं मऊ ब्रशने चामड्यावर झाडा. मग जे धुवाल ते बादलीत धुवा आणि बादलीतला गाळ बसू द्या. नळाखाली थेट हात धरू नका. माझ्या खोलीत ही सवय लागायला दोन वर्षं गेली. त्याआधी मीच मजुरीच्या घटीवरून, म्हणजे कामात उडणाऱ्या सोन्यावरून, पोरांवर ओरडायचो, आणि सोनं रोज माझ्याच हातांवरून मोरीत जात होतं.

घट किती मोठी असते ते कागदावर मांडून बघा. महिन्याला २०० ग्रॅमचं काम हाताखालून जात असेल आणि शंभरात एक ग्रॅम उडत असेल, तर महिन्याला दोन ग्रॅम, वर्षाला चोवीस. त्यातलं निम्मं जरी परत आलं तरी एक तोळ्याच्या वर जातं.

फरशी गुळगुळीत पाहिजे. शहाबादीच्या सांध्यांत आणि तडांत सोनं वर्षानुवर्षं बसतं. खोली सोडताना हे सांधे टोकदार सळीने खरवडून घ्या, त्यातली धूळ वेगळी ठेवा, नवीन खोलीत सांधे आधीच भरून घ्या. झाडताना जोरात कुंचा मारू नका, मऊ केसांच्या ब्रशने एका दिशेने ओढा. घरगुती व्हॅक्यूम बारीक धूळ मागून बाहेर फेकतो. वापरायचा तर बंद पिशवीचा घ्या आणि पिशवी चौथ्या डब्यात टाका. पंखा बंद करून झाडा.

दुसऱ्या आणि तिसऱ्या डब्यातली धूळ आधी वाळली पाहिजे. ओल असेल तर सोनं मातीला चिकटून गोळी होतं आणि चाळणी ते वर ठेवते. मार्च ते मे या महिन्यांत पत्र्याच्या ताटात पातळ पसरून, वर पातळ कापड टाकून, वारा नसेल तिथे दोन दिवस उन्हात ठेवा. जूननंतर हे काम काढूच नका. सह्याद्रीच्या पायथ्याची हवा इतकी दमट असते की सकाळी वाळलेली धूळ संध्याकाळी हाताला ओली लागते. गोळ्या झाल्या असतील तर लाटण्याने हलके फोडा. खलबत्त्यात कुटू नका, सोनं कुटलं की पापुद्रा होतं आणि पुढे उडतं.

केरात कागद, केस, दोरे असतील तर ते जाळावे लागतात, आणि इथे लोक सगळ्यात जास्त चुका करतात. गच्चीत किंवा गल्लीत पेटवायचं नाही. उघड्यावर कचरा जाळायला घनकचरा नियमांनी बंदी आहे, आणि धुराबरोबर बारीक सोनंही उडतं. प्लॅस्टिक आधी हाताने वेचून काढा. थोडाच केर असेल तर झाकण असलेल्या लोखंडी डब्यात, धुराड्याखाली, मंद आचेवर काळा होऊन राख पडेपर्यंत ठेवता येतो. मधे ढवळायचं नाही, फुंकायचं नाही. पण जुन्या दागिन्यांची दुरुस्ती करत असाल तर घरी जाळूच नका. जुन्या केडीएमच्या डाकात, म्हणजे दागिन्याच्या जोडात, कॅडमियम आहे. ते ७६७ अंशांनाच उकळून वाफ होतं, सोनं वितळायला १०६४ अंश लागतात. म्हणजे सोनं वितळायच्या कितीतरी आधी ते तुमच्या छातीत पोचलेलं असतं. त्या वेळी काही जाणवत नाही. काही तासांनी अंग दुखतं, ताप येतो, माणूस फ्लू समजून झोपतो आणि फुप्फुसांत पाणी होतं. असं जुनं काम असलेला केर सरळ चौथ्या डब्यात. आणि न जळलेल्या केरावर सोरा कधी टाकू नका. कागद-मेणावर सोरा पडला आणि आच लागली की भडका उडतो.

राख गार झाली की आधी चुंबक, मग चाळण्या. ३०, ६० आणि १०० नंबरच्या जाळ्या घ्या, हार्डवेअरच्या किंवा प्रयोगशाळेच्या सामानाच्या दुकानात मिळतात. ३० नंबरची जाळी साधारण ०.६ मिलीमीटरची, ६० ची पाव मिलीमीटरची, १०० ची ०.१५ ची. ३० च्या वर जे राहतं त्यात डोळ्यांना दिसणारे तुकडे, जोडाचे मणी, तारेची टोकं असतात, ते चिमट्याने वेचा. मधले दोन भाग वेगवेगळे उफणायचे, एकमेकांत मिसळायचे नाहीत. १०० च्या खाली गेलेलं पीठ उफणायचं नाही, ते चौथ्या डब्यात.

उफणायला सूप घेऊ नका. बांबूच्या विणीत बारीक सोनं बसतं. प्लॅस्टिकचं ताटही नको, हिवाळ्याच्या कोरड्या दिवसांत त्यावर वीज साचते आणि कण चिकटून राहतात. मी वापरतो ते असं. हात-दोन हात लांबीचा पत्र्याचा किंवा गुळगुळीत फळीचा बंद खोका. एका टोकाला हवेचं भोक, दुसऱ्या टोकाला जाड कापडाची पिशवी, म्हणजे उडेल ते पिशवीतच जाईल. तळाला दोन आडव्या पट्ट्या लावून तीन कप्पे. हवेच्या टोकाजवळ वरून एक चीर, तिच्यातून धूळ बारीक धारेने सोडायची, वीतभर उंचीवरून पडेल अशी. हवा हळू आणि एकसारखी पाहिजे. सोनाराच्या घरात जुना भाता असेल तर त्याने, नाहीतर छोट्या पंख्याने, पुढे कापड लावून जोर मोडून. जड कण पहिल्या कप्प्यात पडतात, मधले दुसऱ्यात, हलके तिसऱ्यात आणि पिशवीत. दुसऱ्या कप्प्यातलं पुन्हा सोडा. पहिल्यातलं पुन्हा सोडा. तीन फेऱ्यांत पहिल्या कप्प्यात मूठभरातून चिमूटभर उरतं आणि ते पिवळं दिसायला लागतं.

हवा किती, धार किती, हे आधी सोन्यावर शिकायचं नाही. तांब्याचा कीस त्याच जाळ्यांतून चाळा, त्यातला पाच ग्रॅम वजन करून पावशेर साध्या राखेत मिसळा आणि खोक्यातून सोडा. पहिल्या कप्प्यात किती तांबं परत आलं ते वजन करून बघा. तांबं पाण्याच्या नऊपट जड आहे, सोन्याच्या निम्मंही नाही. पाचातलं साडेचार ग्रॅम तांबं पहिल्या कप्प्यात थांबलं तर तुमचं सोनं त्याहून चांगलं थांबणार. हवा जोरात असेल तर तांबं दुसऱ्या कप्प्यात दिसेल, तेव्हा हवा कमी करा. माझ्या ओळखीच्या कारागिरांपैकी ज्यांनी हा एक तासाचा प्रयोग केला त्यांनी ही पद्धत धरून ठेवली. ज्यांनी पहिल्याच दिवशी वर्षाची धूळ खोक्यात ओतली त्यांनी ती सोडून दिली.

कोरड्या कामाची किंमत छाती भरते, हे मी लपवणार नाही. ओतकामाच्या साच्यांच्या पावडरीत आणि काही पॉलिशच्या वड्यांत सिलिका असते. ती रोज थोडी थोडी आत गेली तर सिलिकोसिस होतो आणि तो बरा होत नाही. एन-९५ मास्क नीट बसवून लावा, रुमाल चालत नाही. खोका बंद असू द्या. घरात लहान मूल असेल तर हे काम त्याच खोलीत करू नका, कामाचे कपडे दाराबाहेर बदला. आणि हा मास्क धुळीपुरता आहे. कॅडमियमची वाफ, पाऱ्याची वाफ किंवा तेजाबाचा वायू तो अडवत नाही. पाऱ्याबद्दल मला एकच वाक्य लिहायचं आहे: घरात आणू नका. पाऱ्याचा वापर कमी करण्यासाठी झालेल्या मिनामाता कराराला भारतानेही मान्यता दिलेली आहे, आणि चिमूटभर जास्त सोन्यासाठी तो आपल्या स्वयंपाकघराशेजारी तापवण्यात काहीच शहाणपण नाही.

पहिल्या कप्प्यातलं पिवळं आणि चौथा डबा शुद्धीकरणवाल्याकडे नेताना वजन आपल्याकडे लिहून ठेवा, डब्यासकट आणि डब्याशिवाय. तिथे सगळं जाळून, दळून, चाळून त्याचा नमुना काढतात. नमुना तुमच्यासमोर काढायला सांगा आणि अर्धा स्वतःकडे ठेवा. वितळवून लगड केली तर कस काढायला कण लगडीच्या एकाच टोकाचा घेऊ देऊ नका, वरचा आणि खालचा असे दोन घ्या. पावती घ्या. परत आलेल्या सोन्याचा कस किती ते कळल्याशिवाय ते नव्या दागिन्यात घालू नका. १६ जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क बंधनकारक झाला आहे आणि धुळीतून आलेल्या सोन्यात तांबं, जस्त, कधी शिसंही असतं. शिशाचा अंश असला तर सोनं हातोडीखाली तडकतं.

आणि ही धूळ कुणाची, हे आधी ठरवून घ्या. पुष्कळ ठिकाणी खोलीचा मालक वर्षाचा केर ठोकात विकतो आणि कारागिराला त्यातलं काही मिळत नाही, मात्र घट त्याच्या मजुरीतून कापली जाते. माझ्या मते ज्याच्या मजुरीतून घट कापली जाते त्याचा केरात वाटा आहे, आणि तो किती हे काम सुरू करतानाच कागदावर असलं पाहिजे. ओळखीचा झारेकरी कुटुंबातला माणूस मिळाला तर त्याला गटाराकाठच्या मातीऐवजी हा कोरडा डबा द्या, त्याच्या हाताला धुळीची जी ओळख आहे ती तुमच्या खोक्यापेक्षा तेज आहे. चाळणी करून देण्याची मजुरी त्याला रोख द्या.

पावसाळ्यातली एक गोष्ट राहिली, ती मांजर्लीकरांसाठी. २०१९ च्या जुलैत उल्हास फुगली, वांगणीजवळ महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यात अडकली आणि बदलापूर पश्चिमेच्या तळमजल्यांत नदी शिरली. माझ्या तळमजल्याच्या खोलीत चौथा डबा फळीखाली होता. पाणी ओसरल्यावर डबा मिळाला, झाकण मिळालं, आत फक्त लाल गाळ होता. तेव्हापासून मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात चारही डबे रिकामे करून हिशोब पुरा करतो. जून ते सप्टेंबरची धूळ दुहेरी पिशवीत, तोंड वितळवून बंद करून, माझ्या डोक्यापेक्षा उंच फळीवर असते.